जपानी पुष्परचना आणि आमच्या बांधावरची फांदी

जांबे, मारुंजी, नेरे हीं मुळशी तालुक्यांतील गांवें हिंजवडीच्या आसपासचीं असल्यामुळें तेथील शेतकऱ्याची स्थिति चमत्कारिक झाली आहे. जमिनीस भाव आला, परंतु जमीन थोडी उरली. उरलेल्या गुंठ्यांत फुलें लावावीं काय, असें पुष्कळजण विचारतात. त्या निमित्तानें इकेबाना या जपानी पुष्परचनेचा परिचय येथें करून देत आहों. हा घरांतील बायकांच्या हौसेचा विषय, असें समजून कोणीं पान उलटूं नये. जपानांत शेंकडों वर्षें ही विद्या पुरुषांच्याच हातीं होती.

क्योटो येथील रोक्काकुदो या बौद्ध मंदिरांतील पुजाऱ्यांनीं पूजेसाठीं फुलें ठेवतां ठेवतां ती वाढविली. इकेनोबो हा सर्वांत जुना संप्रदाय त्यांचाच. आपणहि देवास फुलें वाहतों. परंतु आपण देठ खुडून टाकला आणि त्यांनीं देठ राखला. आमच्या मतें सगळा फरक येथूनच पडला. आमच्या बाजारांत झेंडू व शेवंती मान मोडून किलोवर विकली जाते. तिकडे शेवंतीचा दांडा, पान व कळी यांसकट एकेका काडीचा विचार होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जपानांत परदेशी फुलें येऊं लागलीं. आंखूड देठांचीं तीं फुलें जुन्या उंच पात्रांत शोभेनात. तेव्हां ओहारा उन्शिन यांनीं उथळ, पसरट पात्रांत फुलें रचण्याची 'मोरिबाना' पद्धति काढली. त्यांचा संप्रदाय 1895 चा. पुढें 1927 सालीं सोफू तेशिगाहारा यांनीं सोगेत्सु संप्रदाय स्थापिला व वाळकें लाकूड, लोखंडसुद्धां रचनेंत आणलें.

सोगेत्सूच्या प्राथमिक पाठाचें गणित सोपें आहे. पात्राची रुंदी व खोली यांची बेरीज करावी आणि तिच्या दीडपट लांबीची मुख्य फांदी घ्यावी. पात्र 30 सेंटिमीटर रुंद व 6 सेंटिमीटर खोल असल्यास ही फांदी 54 सेंटिमीटरांची होते. दुसरी तिच्या पाऊणपट, म्हणजे सुमारें 40. तिसरी दुसरीच्या पाऊणपट, म्हणजे सुमारें 30. पहिली जवळजवळ उभी, दुसरी अर्धी कललेली, तिसरी बरीच आडवी. 'केंझान' नांवाच्या खिळ्यांच्या जड बैठकींत त्या रोवतात व बुडाशीं थोडींच फुलें ठेवतात. करवंदीची एक वांकडी डहाळी व जरबेराचीं तीन फुलें घेऊन आम्हीं हें घरीं करून पाहिलें. डहाळी दोनदां आडवी पडली; तिसऱ्या वेळीं मात्र घरची मंडळी थांबून पाहूं लागली.

शेतकऱ्यानें विशेष ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट म्हणजे 'मिझुकिरि'. जपानी लोक देठाचें टोंक पाण्याखालीं धरून कापतात. हवेंत कापल्यास देठांतील सूक्ष्म नळ्यांत हवा शिरते, पाणी वर चढण्यास अडथळा होतो आणि फूल भरल्या भांड्यांत मान टाकतें. जरबेराचें फूल तर कापून काढूंच नये. दांडा बुडाशीं धरून हलकेंच पिळून उपटावा, मग टोंकाचा दोन-तीन सेंटिमीटर भाग छाटून स्वच्छ व थोड्याच पाण्यांत ठेवावा. त्याच्या लवदार दांड्याभोंवतीं खोल पाण्यांत कुजकें लवकर धरतें. मध्यभागाच्या बाहेरच्या दोन-तीन ओळींत पराग दिसूं लागल्यावांचून काढणी करूं नये. कोंवळें काढलेलें फूल टिकत नाहीं.

आतां व्यापाराविषयीं. केवळ इकेबानासाठीं फुलें घेणारें गिऱ्हाईक आपल्याकडे फार थोडें. पुण्यास एम्प्रेस गार्डनच्या वार्षिक प्रदर्शनांत अशा रचना पाहावयास मिळतात, पण प्रदर्शन म्हणजे बाजार नव्हे. तेवढ्यावर कर्ज काढून हरितगृह उभारणें आम्हांस धोक्याचें वाटतें. 2020 च्या टाळेबंदींत लग्नकार्यें व मंदिरें बंद होतांच पुष्कळांस तयार फुलें खड्ड्यांत टाकावीं लागलीं, आणि कर्जाचे हप्ते मात्र उभेच राहिले. प्लॅस्टिकच्या फुलांची चढाओढ आहेच.

परंतु बाजारांत जी काडी वांकडी म्हणून बाजूस पडते, तिलाच या रचनेंत मान आहे, आणि ती पिकविण्यास हरितगृह लागत नाहीं. बांबूची डहाळी, शेवग्याची वाळकी शेंग, कण्हेर, अडुळसा हें बांधावर असतेंच. हिंजवडीच्या बाजूस उपाहारगृहें व कचेऱ्या पुष्कळ झाल्या आहेत. त्यांची सजावट करणाऱ्यांस आधीं चार जुड्या नेऊन दाखवाव्या, मगच लागवडीचा विचार करावा. मात्र वनखात्याच्या हद्दींतील फांदीस हात लावूं नये.

ज्यांची शेवंती दरसाल दसऱ्याच्या बाजारांत जाते, त्यांनीं येत्या हंगामांत दोन वाफे निराळे राखावेत. प्रत्येक दांड्यावर शेंड्याची एकच कळी ठेवून बाजूच्या कळ्या लहान असतांनाच खुडाव्या, दांड्यास काठीचा आधार द्यावा, आणि उजाडतां उजाडतां लांब देठासह काढणी करून बादलींत उभीं ठेवावीं. त्या दोन वाफ्यांचा हिशेब वेगळा लिहून आम्हांकडे धाडल्यास आम्ही तो आनंदानें छापूं.