जाळीखालचं आलुबुखार

मोड यायला बांधलेली मटकी चुकून विसरलात, तर काय होतं? तीन-चार दिवसांनी फडकं सोडलं की आत लांबच लांब पांढरेफटक दोरे! अंधारात बिचारी उजेड शोधत पळत सुटलेली असते.

हे वेड मोठ्या झाडांनाही लागतं. हिमाचल प्रदेशात, कुल्लूकडे आलुबुखाराच्या बागा आहेत. आलुबुखार म्हणजे ते लालजांभळं, आंबटगोड फळ. फळवाले त्याला प्लम म्हणतात. त्याच्यावर पांढुरकी झाक दिसते ना, ती धूळ नव्हे हं! तो फळानेच अंगावर चढवलेला मेणाचा थर. आलुबुखाराची 'सांता रोझा' ही प्रसिद्ध जात ल्यूथर बरबँक या अमेरिकन माणसाने १९०६ मध्ये बाजारात आणली आणि आपल्या गावाचंच नाव तिला दिलं.

मार्चच्या सुमारास झाडं पांढऱ्या फुलांनी भरतात. मग फळं धरतात आणि नेमक्या तेव्हाच गारा कोसळतात! एका गारेचा टोला बसला की फळाला कायमचा डाग. म्हणून बागेवर जाळी ताणतात. फुलांच्या दिवसांत मात्र ती गुंडाळून ठेवलेली बरी, नाहीतर मधमाश्या यायच्या कुठून?

जाळीने गारा अडतात, पण थोडं ऊनही अडतं. ऊन कमी झालं की झाड उंच पळायला लागतं. सरळसोट, जोमदार फांद्या फुटतात. आपले शेतकरी त्यांना पाणसोट म्हणतात. दिसायला रुबाबदार, पण फळाच्या नावाने शंख! शिवाय त्यांच्या सावलीत आतली फळं फिकी राहतात, पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळेही कमी धरतात.

मग माळी काय करतो? पाणसोट भर उन्हाळ्यातच छाटतो. हिवाळ्यात छाटले, तर झाड साठवलेल्या अन्नाच्या जोरावर वसंतात दुप्पट उसळतं. उन्हाळ्यात अन्न बनवणारी पानंच जातात, मग उसळायला बळ कुठलं?

दुसरी युक्ती मला जास्त आवडते. कोवळी फांदी दोरीने आडवी बांधायची, बस्स! फांदीचा शेंडा म्हणजे वर्गाचा मॉनिटर. तो ऑक्झिन नावाचं रसायन खाली पाठवून बाकीच्या डोळ्यांना गप्प बसवतो. फांदी आडवी झाली की त्याचा दरारा संपतो, वाढ मंदावते, गप्प बसलेले डोळे जागे होतात आणि फुलं जास्त लागतात.

इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी तर जाळ्यांचे रंगच बदलून पाहिले. शोभेच्या एका झुडपाच्या फांद्या लाल जाळीखाली भराभर वाढल्या, निळ्या जाळीखाली खुज्या राहिल्या!

तुमच्याकडे वेलगुलाब आहे? त्याची एक लांब फांदी हलक्या हाताने आडवी बांधा, दुसरी उभीच राहू द्या. बहर आला की दोन्हींवरची फुलं मोजा आणि आकडे आम्हाला कळवा.