निळं कार्ड आणि पुण्याची फाइल

जन्मतारीख २३ जून २०२०. पहिला डोस ०५/०८/२०२०. खिडकीपलीकडच्या बाईंनी दोन्ही तारखांवरून पेनाचं टोक फिरवलं आणि मान वर केली. अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस. त्या हिशेबाने पुण्याच्या डॉक्टरांनी ही लस ८ मे रोजी, म्हणजे मुलगी जन्मायच्या दीड महिना आधीच टोचली होती. दुसरा डोस ०२/०९/२०२०, तो तर फेब्रुवारीतला! तिढा सुटला तो तिसऱ्या ओळीवर: ३०/०९/२०२०. तिसावा महिना कुठल्याच पंचांगात नसतो. बाई हसल्या, वरच्या दोन्ही तारखांशेजारी पेन्सिलीने महिन्यांची नावं लिहिली आणि पुढच्या पानाकडे वळल्या.

कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या परिसरातलं हे शाळाप्रवेशाचं कार्यालय. जुलैचा शेवटचा आठवडा. शाळा ऑगस्टच्या मध्यावर उघडणार. रांगेत तेलुगू, हिंदी, स्पॅनिश, मँडरिन आणि अधूनमधून मराठीही ऐकू येते. भाडेकरार, वीजबिल, पासपोर्ट हे कागद फटाफट पुढे सरकतात. रांग अडते ती लसींच्या नोंदीपाशी. ही नोंद ज्या राज्य नमुन्यात उतरवतात त्याला सगळे ‘ब्लू कार्ड’ म्हणतात. बालवाडीच्या वयाला त्यात पाच ओळी भराव्या लागतात: पोलिओ, घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात, एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला), हेपॅटायटिस बी आणि कांजिण्या. प्रत्येक डोसची तारीख हवी. ‘सगळं वेळेवर झालंय हो’ या वाक्यासाठी त्यात रकाना नाही.

पुण्याहून आलेल्या या आईने पोलिओच्या रविवारांचा पाढा वाचला. बूथवर नेलं, करंगळीला शाई लावून आणली, एकही फेरी चुकवली नाही. पण ते थेंब इथे मोजतच नाहीत. भारताने २५ एप्रिल २०१६ रोजी तीन प्रकारच्या विषाणूंवरचे थेंब थांबवून दोन प्रकारांवरचे सुरू केले, कारण दुसऱ्या प्रकारचा नैसर्गिक विषाणू जगातून गेला होता. तो शेवटचा सापडला १९९९ साली, आपल्याच अलीगडमध्ये. मात्र जुन्या थेंबांतल्या विषाणूत बदल होऊन उपजलेला दुसरा प्रकार अजून फिरतो. २०२२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड काउंटीत लस न घेतलेला एक तरुण त्यानेच लुळा पडला. म्हणून १ एप्रिल २०१६ पासून पुढचे थेंब बाद. मुलीच्या फाइलीत सुईवाटे दिलेले चार डोस होते, त्यांवर ही ओळ भरली.

एमएमआरचं दुखणं वेगळं. पहिला डोस नवव्या महिन्यात, दुसरा पंधराव्या. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरत नाहीत. चार दिवस अलीकडे चालतं, तीन महिने नाही. आईकडून बाळाला मिळालेली प्रतिपिंडं लसीचा जोर कमी करतात, हे त्यामागचं कारण. आपल्याकडे गोवर बाळांना फार लवकर गाठतो, म्हणून वर्षाची वाट पाहायची नाही. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत, पण कार्डावर नवव्या महिन्याचा डोस शून्य. तिसरा डोस पाचव्या वर्षाच्या आसपास द्यायचा होता, तो सामान बांधण्याच्या गडबडीत राहिला. कांजिण्यांचा एकच झालेला. डीपीटीचे चार झाले होते, पण चौथ्या वाढदिवसानंतरचा एकही नाही. यादी तयार झाली: तीन इंजेक्शनं.

मागच्या खुर्चीवर साताऱ्याचं कुटुंब होतं. त्यांचा अडीच वर्षांचा मुलगा डे-केअरला जायचा होता. डे-केअरची यादी वेगळी, आणि कागदही वेगळा: प्राथमिक आरोग्य केंद्रातलं माता-बाल संरक्षण कार्ड, अक्षर न् अक्षर मराठीत. वडील खिडकीपाशी उभे राहून एकेक ओळ वाचून दाखवत होते. पेंटाव्हॅलंट तीन, ठीक. गोवर-रुबेला दोन, पण गालगुंडाची लस सरकारी वेळापत्रकात नाही आणि कांजिण्यांचीही नाही. शिवाय डे-केअरला हिब या जंतूवरच्या लसीचा एक तरी डोस पहिल्या वाढदिवसानंतरचा लागतो. आपल्याकडे पेंटाव्हॅलंटमधली हिब साडेतीन महिन्यांतच संपते. सरकारी कार्डावर एकही रकाना रिकामा नव्हता, तरी मुलगा ‘अपूर्ण’ ठरला. वडिलांचा चेहरा उतरला. आरोग्यसेविकेने दर वेळी आठवणीने बोलावून दिलेले डोस ते; कमी पडले ते फक्त दुसऱ्या देशाच्या यादीपुढे.

इथून गाडी बालरोगतज्ज्ञाकडे जाते आणि तिथे क्रमाचा खेळ सुरू होतो. सांता क्लारा काउंटीत शाळाप्रवेशाआधी क्षयरोगाच्या धोक्याची प्रश्नावली डॉक्टरांकडून भरून आणावी लागते, आणि भारतात जन्म म्हटलं की बहुधा तपासणी आलीच. क्षयरोगावरची बीसीजी लस घेतलेल्या मुलाच्या हातावरची चाचणी फसवी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते, म्हणून रक्ताची तपासणी बरी. ती जिवंत लसींच्या दिवशीच उरकावी. तो दिवस हुकला तर चार आठवडे थांबा. एमएमआर आणि कांजिण्या या दोन्ही जिवंत लसी. त्याही एकाच दिवशी, नाहीतर मध्ये २८ दिवस सोडून. थोडक्यात, एकाच सकाळी तीन सुया आणि रक्त. पाच वर्षांच्या मुलीला हे समजावणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

हा काटेकोरपणा एका दिवसात आलेला नाही. शाळेसाठी देवीची लस सक्तीची करणारा पहिला अमेरिकी कायदा मॅसॅच्युसेट्सने १८५५ मध्ये केला. १९२२ मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनिओ शहरातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांची अशी अट उचलून धरली. कॅलिफोर्नियापुरता खरा धडा १९७७ चा. लॉस एंजेलिसमध्ये गोवर पसरला, तेव्हा आरोग्य खात्याने मुदत दिली आणि मुदत संपल्यावर सुमारे १४ लाख विद्यार्थ्यांपैकी ५० हजारांना खरोखरच घरी पाठवलं. बहुतेक मुलं काही दिवसांतच टोचून परत आली. पुढे ‘आमचा विश्वास नाही’ एवढ्यावर सूट मिळण्याची पळवाट रुंदावत गेली. डिसेंबर २०१४ मध्ये डिस्नीलँडमधून गोवर फैलावला आणि ३० जून २०१५ रोजी गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी ती पळवाट बंद करणाऱ्या विधेयकावर सही केली. ते मांडणाऱ्यांत रिचर्ड पॅन हे सिनेटर होते, पेशाने बालरोगतज्ज्ञ. बालवाडीतल्या पूर्ण लसीकरणाचं प्रमाण २०१४-१५ मध्ये ९०.४ टक्के होतं, ते २०१६-१७ मध्ये ९५.६ टक्क्यांवर गेलं. उरली ती वैद्यकीय कारणाची सूट; घरीच शिकणाऱ्या मुलांना मात्र हा नियम लागू नाही.

आकडे चांगले आहेत, पण एक गोष्ट खटकते. दार अडवायला आधी मूल दारात यावं लागतं. डे-केअरला न जाणारं मूल पाच वर्षांचं होईपर्यंत या नियमाच्या नजरेत येत नाही, आणि गोवराचा धोका सर्वांत जास्त असतो तो नेमका त्याआधी. आपल्याकडे शाळेच्या दारात अशी अडवणूक होत नाही; खासगी नर्सरीवाले कार्डाची झेरॉक्स मागतात आणि फाइलीत ठेवून देतात. पण पहिल्या वर्षातच आशाताई दारात येते. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराने मुलं दगावली, तेव्हाही वस्त्यांतून घरोघर फिरून राहिलेली मुलं शोधावी लागली. हे पायपिटीचं काम कुठल्याही खिडकीतून होत नाही.

साताऱ्याच्या मुलाला डे-केअरची जागा राखून ठेवली, राहिलेले डोस घेऊन या म्हणाले. नोकरी नवी, विमा अजून सुरू व्हायचा होता. विमा नसलेल्या मुलांना १९९४ पासून सरकारी योजनेतून लस फुकट मिळते, हे त्यांना कार्यालयाने नाही, रांगेतल्या दुसऱ्या मराठी बाईंनी सांगितलं. कुठल्या दवाखान्यात जायचं तेही.

पुण्याची मुलगी दहा दिवसांनी परत आली, दोन्ही दंडांवर रंगीत पट्ट्या. पाचही ओळी भरल्या होत्या. निघताना वडिलांनी विचारलं, आता झालं ना एकदाचं? बाईंनी सातवीची ओळ दाखवली: धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याचा टीडॅप हा आणखी एक डोस, २०३२ मध्ये.