धुराची वाट

मिस्त्रींनी होडीच्या मागच्या फळीवर खडूनं दोन वर्तुळं काढली. आतलं सायलेन्सरच्या पाइपाएवढं, बाहेरचं त्याहून चांगलं तीन बोटं मोठं. भोक बाहेरच्या रेघेवर पाडायचं होतं. होडीवाले भोईदादा कुरकुरले, "एवढं कशाला, मिस्त्री? फळी कमजोर होईल."

"फळीला लोखंडी पट्टी मारू. जळाली तर काय माराल?"

नेवासा तालुक्यात प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते. पैठणचं जायकवाडी धरण 1976 साली पूर्ण झालं, तेव्हापासून नाथसागराचा फुगवटा या भागापर्यंत येतो. त्याच पाण्यावर चालणाऱ्या या होडीवरचं इंजिन मूळचं शेतातलं, विहिरीचं पाणी उपसणारं. शेतात त्याचा धूर उघड्या आभाळात जायचा, म्हणून त्याचा कोणी विचारही केला नव्हता. होडीत तेच इंजिन ताडपत्रीखाली, माणसांपासून हातभर अंतरावर आलं. जागा बदलली की धुराची वाटही नव्यानं आखावी लागते.

भार पडल्यावर डिझेल इंजिनाचा धूर 300-400 अंशांपर्यंत तापतो. लाकूड पेटायला साधारण 250 अंश पुरतात, आणि महिनोन्‌महिने तापत राहिलेली फळी त्याहून कमी उष्णतेतही आतून कोळसा होत जाते. त्यात होडीला डांबर फासलेलं. म्हणून पाइपाभोवती मोकळी हवा ठेवायची, भोकाला पत्र्याचं कडं बसवायचं आणि आतल्या पाइपाला काचतंतूंची पट्टी गुंडाळायची. पाइप काळा घेतला होता. जस्ताचा मुलामा दिलेल्या, म्हणजे जीआय पाइपावर वेल्डिंग केलं की जस्ताचा धूर करणाऱ्याच्याच छातीत जातो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पाइपाच्या उतारावर. इंजिनापासून पाइप आधी वर चढवला, मग बाहेरच्या तोंडाकडे खाली उतरवला. सरळ नेला असता तर लाटेचं पाणी पाइपातून उलटं सिलिंडरपर्यंत गेलं असतं. बाहेरच्या तोंडाची उंची रिकाम्या होडीवर ठरवायची नाही, हे मला तिथे कळलं. मिस्त्रींनी घाटावरच्या माणसांना होडीत बसवलं, होडी वीतभर खाली गेली, तेव्हा पाण्याची रेघ मारली आणि तिच्या बरंच वर तोंड काढलं. इंजिन थरथरतं, म्हणून त्याच्या आणि पाइपाच्या मध्ये लवचीक जोड घातला; नाहीतर पहिल्या महिन्यातच वेल्डिंगला चीर जाते.

मग तपासणी. इंजिन मंद चालू ठेवून मिस्त्रींनी पाइपाच्या तोंडावर ओलं फडकं क्षणभर दाबलं आणि कान जोडांकडे लावला. एका फ्लँजपाशी फुसफुस आली. पॅकिंग काढलं, नवं बसवलं, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळले. पुन्हा फडकं. या वेळी काही ऐकू आलं नाही.

त्या फुसफुशीची एवढी धास्ती कशासाठी, तर काळा धूर दिसतो, डोळ्यांत जातो, माणूस बाजूला होतो. पण त्याच्यासोबतच्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. थंड देशांतल्या होड्यांत झोपायच्या जागेत डिझेलचा हीटर असतो. त्याची धुराची नळी जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर जाडीची, पण नियम हेच: जळायला लागणारी हवा बाहेरून घ्यायची, धूर बाहेर सोडायचा, मधला एकही जोड सैल ठेवायचा नाही. आपल्याकडे थंडीत ताडपत्री चहूबाजूंनी बांधून आत कोळशाची शेगडी ठेवतात. तिला तर धुराची वाटच नसते. हे तातडीनं थांबायला हवं.

आणखी एक गोष्ट मिस्त्रींनी दाखवली. होडी पुढे जाते तेव्हा तिच्या मागे हवेची पोकळी होते, आणि मागून उघडी असलेली ताडपत्री सोडलेला धूर परत आत ओढते. म्हणून ताडपत्री पुढूनही उघडी ठेवायची, वारा आरपार जाऊ द्यायचा.

होडीत डोकं जड झालं, मळमळलं, तर बोट लागली असं समजून गप्प बसू नका. इंजिन बंद करायला सांगा, ताडपत्री वर करा आणि शेजारी पेंगणाऱ्याला आधी हलवून जागं करा.