गाढवाचें पथ्य

गाढवास काय खाऊं घालावें, हा प्रश्न उकिरड्यावर चरणारें गाढव पाहिलेल्या शहरवासीयांस थट्टेचा वाटेल. इंग्लंडांत मात्र तो गंभीरपणें विचारला जातो. कारण तेथें हौसेनें पाळलेल्या गाढवांस उपासमारीपेक्षां लाडाचेंच भय अधिक.

या कोड्याचा उलगडा गाढवाच्या कुळांत सांपडतो. त्याचे पूर्वज आफ्रिकेच्या रुक्ष प्रदेशांतले. दिवसभर हिंडावें, तेव्हां कोठें वाळकें, चिवट गवत मिळावयाचें. अशा निकृष्ट चाऱ्यांतूनहि सत्त्व काढून घेण्याची शक्ति त्याच्या पचनेंद्रियांत आली. असें जनावर हिरव्यागार कुरणांत सोडलें, म्हणजे जादा अन्न चरबी होऊन मानेवर व बरगड्यांवर सांठतें. आणि साखर अधिक झाली कीं खूर व हाड यांस जोडणाऱ्या नाजूक पडद्यांस सूज येते. या रोगास 'लॅमिनायटिस' म्हणतात. त्यांत पाऊल टेकणेंहि असह्य होतें.

१९६९ सालीं एलिझाबेथ स्वेंडसन यांनीं स्थापिलेली डेव्हन परगण्यांतील 'डाँकी सँक्चुअरी' ही संस्था यावर साधा उपाय सांगते : मुख्य चारा जवाच्या काडाचा, गवत पुरवणीदाखल. चाऱ्याचा कोरडा अंश रोज वजनाच्या शेंकडा १.३ ते १.८ पुरे, म्हणजे १८० किलोच्या गाढवास सुमारें सव्वादोन ते सव्वातीन किलो.

गवत निवडतांना कोवळें व पानाळ टाळून तुरे आलेलें, जाड काड्यांचें, उशिरां कापलेलें घ्यावें. गवतांत साखर सूर्यप्रकाशानें तयार होते. दिवसा ती सांठते व रात्रीं वाढीसाठीं खर्च होते. म्हणून सायंकाळच्या कापणीपेक्षां सकाळची बरी. परंतु कडक थंडीच्या रात्रीं वाढ खुंटते व साखर तशीच राहाते. यास्तव नुसत्या रूपावर विसंबूं नये; प्रयोगशाळेंत तपासून साखर व पिष्ट मिळून शेंकडा दहा-बाराच्या आंत असलेलें गवत घ्यावें. तपासणी शक्य नसल्यास तें अर्धा-एक तास थंड पाण्यांत भिजवून पाणी फेंकून द्यावें. साखरेचा कांहीं अंश निघून जातो. मात्र भिजलेलें गवत लवकर आंबतें, म्हणून तें लगेच घालावें. बुरशी आलेला चारा केव्हांहि वर्ज्य. दांत झिजलेल्या म्हाताऱ्या गाढवास काडहि सोसत नाहीं. नीट न चावलेलें काड आंतड्यांत अडकतें.

लठ्ठ गाढव उपाशी ठेवणें हा तर घातच होय. खाणें एकाएकीं तुटलें कीं अंगची चरबी रक्तांत उतरते, यकृत निकामी होतें, आणि जनावर दगावूं शकतें. म्हणून चाऱ्यांतील प्रत्येक बदल कांहीं आठवड्यांत, हळूहळू करावा.

महाराष्ट्रांत विटा, माती, वाळू वाहणाऱ्या गाढवांचें दुःख बहुधा उलट असतें : ओझें अधिक, चारा अपुरा. त्यांस इंग्लंडांतील लाडक्या गाढवांचें प्रमाण जसेंच्या तसें लावूं नये. पारख मात्र दोहोंकडे एकच. बरगड्यांवरून हात फिरवावा. त्या चरबीखालीं बुडाल्या असतील तर चारा बेताचा करावा. वर उठून दिसत असतील तर तो वाढवावा, आणि ओझें उतरवावें.