पडद्याआडचा स्पीकर

स्पीकरच्या खोक्यावर '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' असं छापलेलं असतं. माणसाच्या कानाचा पल्लाही साधारण तेवढाच, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं, यातून सगळं ऐकू येणार. पण त्या आकड्यापुढे 'अधिक-उणे इतके डेसिबल' असं लिहिलेलं नसेल, तर तो काहीच सांगत नाही. २० हर्ट्झला आवाज २० डेसिबलनं खाली घसरला, म्हणजे ध्वनीची शक्ती शंभरावा भागच उरली, तरी 'हा २० हर्ट्झ वाजवतो' असं म्हणायला जागा राहते. एके काळी म्युझिक सिस्टिमवर हजार-दोन हजार वॅट 'पीएमपीओ'चे स्टिकर असत. त्या आकड्यांनाही कुठल्या सर्वमान्य मोजणीचा आधार नव्हता. गिऱ्हाइकाच्या हाती खरं तर आलेख पडायला हवा: कोणत्या कंप्रतेला किती आवाज निघतो, समोर किती आणि बाजूंना किती. हा आलेख आज साध्या लॅपटॉपवर काढता येतो, तरी तो दुकानात क्वचितच पाहायला मिळतो.

पूर्वी तो काढणं खरोखरच अवघड होतं. स्पीकरचा आवाज भिंती, छत आणि जमिनीवर आपटून माईककडे परत येतो. मग आपण स्पीकर मोजतोय की खोली, तेच कळत नाही. त्यासाठी आवाज पुरता शोषून घेणारा कक्ष बांधावा लागे. त्याच्या भिंतींवर, छतावर आणि तळालाही फायबरच्या पाचरी बसवलेल्या असतात आणि माणसांना वावरायला मध्ये तारेची जाळी ताणलेली असते. पाचरीची खोली ध्वनिलहरीच्या लांबीच्या पाव हिश्शाएवढी तरी लागते. १०० हर्ट्झची लहर सुमारे ३.४ मीटर लांब, म्हणजे पाचर ८५ सेंटिमीटरची, आणि खर्जात आणखी खाली जायचं तर त्याहून मोठी. अशा कक्षात एकच शुद्ध सूर हळूहळू चढवत न्यायचा आणि कागदाच्या पट्टीवर पेन रेघ ओढत जाणार. हे मोठ्या कंपन्या आणि सरकारी संस्था यांनाच परवडे.

संगणकानं हे चित्र पालटलं ते घड्याळाच्या मदतीनं. १९६५ मध्ये जेम्स कूली आणि जॉन ट्युकी यांनी ध्वनीसारख्या संकेताचं कंप्रतांमध्ये झटपट पृथक्करण करणारी गणिती रीत प्रसिद्ध केली. पुढच्या दशकात इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या केईएफ कंपनीत लॉरी फिंचम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती स्पीकरवर वापरली. स्पीकरला एक अगदी क्षणिक विद्युत-धक्का द्यायचा. एवढ्या आखूड धक्क्यात सगळ्या कंप्रता एकदम हजर असतात. त्याला स्पीकरनं दिलेला प्रतिसाद नोंदवला आणि पृथक्करणात घातला, की पूर्ण आलेख हाती येतो.

यात घड्याळाचं काम असं. समजा, स्पीकर आणि माईक दोन्ही जमिनीपासून दीड मीटर उंच आहेत आणि दोघांत एक मीटर अंतर आहे. सरळ येणारा आवाज एक मीटर चालतो, जमिनीवर आपटून येणारा सुमारे ३.१६ मीटर. फरक २.१६ मीटरचा. ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे परावर्तित आवाज ६.३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. संगणकाला फक्त तेवढ्या मिलिसेकंदांपुरतंच बघायला सांगितलं, की खोली आलेखातून नाहीशी होते. त्यासाठी पाचरींचा कक्ष लागत नाही. मात्र याची किंमत मोजावी लागते. ६.३ मिलिसेकंदांत ज्या लहरीचं एक आवर्तनही पुरं होत नाही, तिच्याविषयी काही बोलता येत नाही. त्यामुळे साधारण १६० हर्ट्झच्या खालचं सगळं अंधारात राहतं. तो खर्ज वेगळा मोजतात, माईक वूफरच्या पडद्याला जवळजवळ टेकवून. ही युक्ती डॉन कील यांनी १९७४ मध्ये मांडली.

क्षणिक धक्क्यात ऊर्जा फार थोडी असते, आजूबाजूच्या गोंगाटात ती हरवते. म्हणून तोच धक्का पुन्हा पुन्हा देऊन सरासरी काढावी लागे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस साध्या पीसीत बसणारं 'मेलिसा' नावाचं कार्ड आलं. ते धक्क्याऐवजी गणितानं रचलेला खरखराट वाजवायचं. पण मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी कल्पना वाटते ती इटलीतल्या पार्मा विद्यापीठाच्या अँजेलो फरिना यांची, २००० सालची. त्यांनी स्पीकरला एक लांबच लांब मींड घ्यायला लावली. सूर खर्जातून निघून तार सप्तकाच्याही कितीतरी वर जातो आणि प्रत्येक सप्तक चढायला नेमका सारखाच वेळ घेतो.

समजा, हा वेळ एक सेकंद आहे. आता स्पीकरनं दोष म्हणून मूळ सुराच्या दुप्पट कंप्रतेचा सूर पदरचा मिसळला, तर तो सूर मूळ मींडेत एका सेकंदानं येणार होता. म्हणजे ही भेसळ, सूर कोणताही असो, बरोबर एक सेकंद 'आधी' आलेली दिसते. तिप्पट कंप्रतेची भेसळ १.५८ सेकंद आधी. संगणक नोंदवलेला आवाज मूळ मींडेशी ताडून उलगडतो, तेव्हा स्पीकरचा खरा प्रतिसाद एका जागी गोळा होतो आणि भेसळीचे ढीग त्याच्या आधी, वेगवेगळ्या जागी सुटे पडतात. एका मोजणीत आलेखही मिळाला आणि विरूपणही. आज 'रूम ईक्यू विझार्ड' ही मोफत आज्ञावली हेच करते. जोडीला मोजणीचा यूएसबी माईक आणि त्याच्यासोबत येणारी दुरुस्तीची फाइल एवढं पुरतं.

मग प्रश्न उरतो तो आलेख वाचण्याचा. कोणता आलेख चांगल्या आवाजाचा? इथे कॅनडातल्या ओटावा शहरी, नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी केलेलं काम पायाभूत आहे. त्यांनी स्पीकर पडद्याआड ठेवले, सगळ्यांचा आवाज एका पातळीला आणला आणि श्रोत्यांना गुण द्यायला सांगितलं. त्याच स्पीकरांची कक्षात मोजणीही केली. १९८६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 'आवड ज्याची त्याची' असं आपण म्हणतो, पण डोळ्यांसमोर नाव आणि रूप नसताना श्रोत्यांचं आश्चर्य वाटावं इतकं एकमत होतं. त्यांना आवडलेल्या स्पीकरांचा समोरचा आलेख सपाट होता, आणि बाजूंना जाणारा आवाजही कुठे फुगवटा किंवा खड्डा न घेता सावकाश उतरत होता.

बाजूंचा आवाज इतका महत्त्वाचा का? घरात आपण जे ऐकतो त्यातला मोठा वाटा भिंतींवरून येतो. समोर सपाट आणि बाजूला वेडावाकडा असलेला स्पीकर खोलीत त्या वेडेवाकडेपणासकट ऐकू येतो. म्हणून आजच्या प्रमाणित पद्धतीत स्पीकर दर १० अंशांनी फिरवून, आडव्या आणि उभ्या वर्तुळात मिळून ७० ठिकाणी मोजतात. २००४ मध्ये शॉन ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरांच्या अशा मोजण्यांवरून श्रोत्यांनी दिलेल्या गुणांचा अंदाज बांधला. दोन्हींचा सहसंबंध ०.८६ भरला. त्या आवडीत सुमारे ३० टक्के वाटा खर्जाचा होता.

टूल आणि ऑलिव्ह यांचा १९९४ चा प्रयोग तर प्रत्येक खरेदीदारानं लक्षात ठेवावा असा आहे. तेच श्रोते, तेच स्पीकर, एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर. दिसू लागताच भारदस्त स्पीकरांचे गुण वाढले आणि छोट्या, स्वस्त दिसणाऱ्या संचाचे घसरले. श्रोते एका कंपनीतलेच, स्पीकरांशी रोजचा संबंध असलेले होते, तरीही असं घडलं.

आलेखही फसवू शकतो. उभ्या अक्षावर १०० डेसिबल बसवले, की डोंगरसुद्धा सपाट दिसतात. रेघ फार गुळगुळीत केली, की अनुनादाचे अरुंद सुळके पुसले जातात. तानपुऱ्याची जवारी वरच्या स्वरांशांच्या बारीक तोलावर उभी असते, तिथे असा एखादा सुळका कानाला लगेच टोचतो. आणि दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली तर घरात खोलीचंच राज्य चालतं. डग्ग्याचा घुमारा एका कोपऱ्यात दुप्पट आणि दुसऱ्या खुर्चीत गायब, हा दोष स्पीकरचा नसतो. तो त्याच खोलीत, त्याच खुर्चीपाशी माईक ठेवून मोजावा लागतो.

एक काम आपल्याकडे व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. या पडद्याआडच्या चाचण्यांत वाजलेलं संगीत बहुतांशी पाश्चात्त्य होतं. ख्याल, लावणी, भजनातला पखवाज ऐकत वाढलेले कान त्याच स्पीकरांना तेच गुण देतील, असा माझा अंदाज आहे. पण अंदाज म्हणजे मोजणी नव्हे. एखाद्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाला ही चाचणी सहज घेता येईल. आवाज आरपार जाऊ देणारा पातळ पडदा लावायचा आणि प्रत्येक स्पीकर त्याच जागी आणून ठेवायचा, कारण जागा बदलली की खर्ज बदलतो. एका वेळी एकच स्पीकर वाजवायचा, जोडी नाही, कारण दोष एकट्या स्पीकरवर जास्त स्पष्ट कळतात. सगळ्यांची पातळी माईकनं मोजून अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवायची, कारण किंचित मोठा वाजणाराही 'चांगला' वाटतो. श्रोत्यांनी आपापसांत न बोलता गुण लिहायचे. गुणपत्रिका गोळा झाल्यानंतरच आलेख उघडायचे.