विद्युत गोल करवतीचा उलट झटका : कारणे आणि खबरदारी

घरबांधणी आणि अंतर्गत सजावटीच्या कामांत, हातात धरून चालवायच्या विद्युत गोल करवतीने साध्या करवतीची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली आहे. प्लायवूडचा अख्खा तक्ता या यंत्राने काही मिनिटांत चिरता येतो. मात्र बोटे, मांडी आणि डोळे यांना गंभीर इजाही याच यंत्रामुळे होते. ती कशी होते हे समजण्यासाठी आधी पात्याची गती आणि दिशा पाहावी लागेल.

या यंत्राचा आद्य नमुना अमेरिकेत १९२० च्या दशकात एडमंड मिशेल यांनी तयार केला. उसाच्या शेतात कोयता चालवणारे मजूर पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. प्रचलित करवतीत सुमारे १८५ मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ५,००० च्या आसपास फेरे घेते. याचा अर्थ दात्यांचा वेग ताशी १७० किलोमीटरहून अधिक असतो.

पात्याचे दाते लाकडात खालून शिरतात आणि वर बाहेर पडतात. त्यामुळे लाकडाची ढलपी वरच्या बाजूने निघते. सनमायका लावलेली बाजू अनुभवी सुतार खाली ठेवतात, ते यासाठीच. धोक्याचे मूळही याच दिशेत आहे. चिरलेली फट मध्येच मिटली किंवा यंत्र तिरके झाले, तर पाते लाकडात आवळले जाते. फिरण्याची वाट बंद झाल्याने मोटारीची सारी शक्ती यंत्रालाच उलट, म्हणजे चालवणाऱ्याच्या दिशेने फेकते. यालाच किकबॅक अर्थात उलट झटका म्हणतात. तो इतक्या अल्प काळात बसतो की हात आवरण्यास सवड मिळत नाही.

फट मिटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे लाकडाला दिलेला चुकीचा आधार. फळी दोन टोकांना दोन घोड्यांवर ठेवून मधोमध कापली, तर अखेरीस ती आपल्याच वजनाने खाली झुकते आणि पात्याला चिमटा बसतो. त्याऐवजी कापून पडणारा भाग आधाराबाहेर मोकळा ठेवावा. मोठ्या तक्त्याखाली मात्र कापण्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पट्ट्या द्याव्यात, म्हणजे काप पूर्ण झाल्यावर दोन्ही तुकडे जागेवर राहतात. पात्याची खोली अशी ठेवावी की लाकडाखाली जेमतेम एक दाता बाहेर दिसेल. बोथट पाते किंवा लाकडातील खिळा यांमुळेही असाच झटका बसू शकतो.

यंत्र दोन्ही हातांनी धरावे आणि पात्याच्या रेषेत उभे न राहता किंचित बाजूला उभे राहावे. पात्याने पूर्ण वेग घेतल्यावरच ते लाकडाला लावावे. काप वाकडा जाऊ लागल्यास फिरते पाते मागे ओढू नये. कळ सोडून ते पूर्ण थांबू द्यावे. लहान तुकडा हाताने दाबून धरण्याऐवजी शिकंजात आवळावा. पाते बदलताना केवळ कळ बंद असणे पुरेसे नाही, प्लग काढलेला असावा. बॅटरीवरील यंत्र असल्यास बॅटरी.

भारतात या विषयाला आणखी एक बाजू आहे. अनेक ठिकाणी लाकूडकामासाठी गोल करवत न वापरता फरशी कापण्याचे छोटे यंत्र, म्हणजे मार्बल कटर, वापरले जाते. ते स्वस्त आणि हलके असते; त्यावर लाकडाचे दातेरी पाते चढवले की काम भागते. परंतु हे यंत्र मिनिटाला १२,००० ते १३,००० फेरे घेते आणि त्याला गोल करवतीसारखे आपोआप मिटणारे खालचे आवरण नसते. लाकडातून बाहेर काढलेले पाते त्यामुळे उघडेच फिरत राहते आणि यंत्र खाली ठेवताना ते पायाला लागू शकते. पात्यावर छापलेली कमाल गतिमर्यादा यंत्राच्या गतीहून कमी असल्यास दाते निखळून उडण्याचाही धोका आहे. गोल करवत वापरणारे काही कारागीरसुद्धा रेषा स्पष्ट दिसावी म्हणून तिचे आवरण तारेने बांधून ठेवतात किंवा कळ दोरीने दाबून ठेवतात. असे केल्यास करवत आणि कटर यांत सुरक्षेच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही.

डोळ्यांना चष्मा आणि कानांना बोळे आवश्यक आहेत. सैल बाह्या, गळ्यातील पंचा किंवा लोंबणारी साखळी टाळावी. लाकडाच्या भुशाचाही विचार व्हावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये तो मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत समाविष्ट केला. त्यामुळे बंद खोलीत मुखपट्टी हवीच.

बोट तुटल्यास प्रथम जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा आणि ११२ किंवा १०८ क्रमांकावर मदत मागावी. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बर्फाचा थेट स्पर्श झाल्यास पेशी गोठून नष्ट होतात आणि बोट पुन्हा जोडण्याची शक्यता कमी होते.