पैसा मर्यादित, प्रकल्प अमाप : पाण्यावरचा खर्च आधी कोठे?

- विशेष प्रतिनिधी

दरवर्षी मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो, तेव्हा जलसंपदा खात्याच्या वाट्याला किती कोटी आले याचीच चर्चा अधिक होते. ती रक्कम किती प्रकल्पांमध्ये वाटली जाणार, त्यातले किती प्रकल्प त्यामुळे पूर्ण होणार आणि जुन्या कालव्यांच्या दुरुस्तीसाठी त्यातून काय उरणार, हे प्रश्न मात्र बाजूला पडतात. वास्तविक कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी मिळणार की नाही, हे तरतुदीच्या आकड्यापेक्षा या वाटपावर अधिक अवलंबून असते. आपल्यासारख्या विकसनशील देशात पाण्यासाठी लागणारा पैसा आणि हाती असणारा पैसा यांचा मेळ कधीच बसत नाही. त्यामुळे किती खर्च करायचा यापेक्षा आधी कोठे करायचा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

देशातील सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. भूपृष्ठावरील पाण्यातून ८५ लाख आणि भूजलातून ४१ लाख अशी एकूण १२६ लाख हेक्टर अंतिम सिंचनक्षमता राज्यात निर्माण होऊ शकते, असे डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ च्या अहवालात नमूद केले होते. प्रत्यक्षात पिकाखालील क्षेत्रापैकी सिंचित क्षेत्राचे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिले. धरणांमध्ये पहिला क्रमांक आणि सिंचनात पिछाडी, या विसंगतीचे एक प्रमुख कारण गुंतवणुकीच्या क्रमात दडलेले आहे.

दहा प्रकल्पांचे गणित

एक साधे उदाहरण घेऊ. प्रत्येकी १०० कोटी रुपये खर्चाचे १० प्रकल्प आहेत आणि सरकारजवळ दरवर्षी १०० कोटी रुपये आहेत. सर्वांना समान न्याय म्हणून प्रत्येक प्रकल्पाला वर्षाला १० कोटी दिले, तर दहाही प्रकल्प दहाव्या वर्षाअखेर पूर्ण होतील. तोपर्यंत एकाही शेताला पाणी मिळणार नाही. याउलट दरवर्षी एकच प्रकल्प हाती घेऊन तो पूर्ण केला, तर पहिल्या प्रकल्पाचे पाणी दुसऱ्या वर्षापासून वाहू लागेल. दहा वर्षांच्या अखेरीस पहिल्या प्रकल्पाने नऊ वर्षे, दुसऱ्याने आठ वर्षे, अशी एकूण ४५ प्रकल्प-वर्षे लाभ दिलेला असेल. भाववाढ दोन्हीकडे सारखीच धरली, तरी खर्च तेवढाच आणि लाभ मात्र शून्याऐवजी ४५. शिवाय रखडलेल्या प्रत्येक कामावरची आस्थापना पोसावी लागते, अर्धवट मातीकाम पावसाने वाहून जाते आणि भूसंपादनाचा मोबदला वाढत राहतो, तो तोटा वेगळाच.

हे गणित कोणाही अभियंत्याला ठाऊक असते. तरीही व्यवहारात पहिला मार्गच स्वीकारला जातो, कारण तो राजकीयदृष्ट्या सोयीचा असतो. प्रत्येक तालुक्यात एका कामाचा नारळ फुटतो, प्रत्येक आमदाराला अर्थसंकल्पाच्या पुस्तकात आपल्या धरणाचे नाव दिसते. दुसऱ्या मार्गात नऊ तालुक्यांना 'थांबा' असे सांगावे लागते. तसे सांगण्याचे धैर्य पक्ष कोणताही असला तरी क्वचितच दाखवले जाते.

कृष्णेची घाई

महाराष्ट्रात या प्रवृत्तीला एका मुदतीची जोड मिळाली. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाच्या निवाड्यानुसार महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी आले होते आणि त्या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकत होता. त्याआधी आपले पाणी अडवले नाही तर हक्क गमवावा लागेल, ही भावना प्रबळ झाली. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. शासनाच्या हमीवर कर्जरोखे काढून बाजारातून पैसा उभा करण्यात आला. पुढील दोन वर्षांत विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी मराठवाडा अशी आणखी चार महामंडळे अस्तित्वात आली. पैसा उभा करण्याचा मार्ग मोकळा होताच कामांची संख्याही वाढत गेली. मुदतीत पाणी अडवायचे म्हणून भिंतींना प्राधान्य मिळाले. कालवे, वितरिका आणि शेतचाऱ्या मागे पडल्या. धरणात पाणी आहे पण शेतात नाही, हे चित्र त्यातूनच उभे राहिले.

विदर्भातील गोसीखुर्द हे रखडलेल्या प्रकल्पांचे ठळक उदाहरण. वैनगंगेवरील या प्रकल्पाचे भूमिपूजन एप्रिल १९८८ मध्ये तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. मूळ खर्च होता ३७२ कोटी रुपये आणि अपेक्षित सिंचन सुमारे अडीच लाख हेक्टर. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पुढे सुधारित खर्च १८ हजार कोटींच्या वर गेला. मूळ अंदाजाच्या जवळपास पन्नास पट! एवढे होऊनही पूर्ण क्षमतेने सिंचनासाठी लाभक्षेत्राला साडेतीन दशकांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांच्या मुलांची पिढी पुनर्वसनाच्या प्रश्नातच मोठी झाली.

आकड्यांचा वाद

२०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणी अहवालाने हा विषय ऐरणीवर आणला. पिकाखालील एकूण क्षेत्रातील सिंचित क्षेत्राचे प्रमाण २०००-०१ मध्ये १७.८ टक्के होते, ते २००९-१० मध्ये १७.९ टक्के झाले, असे त्यात नमूद होते. दशकभरातील हजारो कोटींच्या खर्चानंतर वाढ केवळ ०.१ टक्का, या मुद्द्यावरून राजकीय वादळ उठले. सप्टेंबर २०१२ मध्ये अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. नोव्हेंबर २०१२ च्या श्वेतपत्रिकेत जलसंपदा खात्याने सिंचनात ५.१७ टक्के वाढ झाल्याचा दावा केला. त्यानंतर अनेक वर्षांच्या पाहणी अहवालांत या टक्केवारीच्या जागी 'उपलब्ध नाही' एवढाच शेरा येत राहिला.

आरोप-प्रत्यारोपांत एक मूलभूत बाब दुर्लक्षित राहिली. कोणत्या खर्चाने किती क्षेत्र भिजले हेच निश्चित सांगता येत नसेल, तर पुढचा रुपया कोठे घालावा हे ठरवायचे कशाच्या आधारावर? पाण्याचे आणि भिजलेल्या क्षेत्राचे विश्वासार्ह मोजमाप हे प्राधान्यक्रमाच्या शिडीची पहिली पायरी आहे आणि तुलनेने ती सर्वांत स्वस्तही आहे.

कायदा आहे, आराखडा उशिरा

निर्णयांना शिस्त लागावी म्हणून २००५ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा झाला. असे प्राधिकरण नेमणारे महाराष्ट्र हे देशातील अग्रेसर राज्य. एकात्मिक राज्य जल आराखडा तयार करावा आणि त्याच्या चौकटीत प्रकल्पांना मान्यता द्यावी, अशी कायद्याची अपेक्षा होती. हा आराखडा प्रत्यक्षात येण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला. दरम्यान २००७ ते २०१३ या काळात आराखडा नसतानाच १८९ प्रकल्पांना मान्यता दिल्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. नकाशा नसताना घर बांधायला काढावे, तसाच हा प्रकार होता.

केंद्राचा अनुभवही फारसा वेगळा नाही. अखेरच्या टप्प्यात अडकलेल्या कामांसाठी १९९६-९७ मध्ये वेगवर्धित सिंचन लाभ कार्यक्रम सुरू झाला. त्यातही नव्या कामांची भर पडत गेली. २०१६ मध्ये प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत देशभरातील ९९ प्रकल्प निवडून त्यांनाच निधी पुरवण्याचे ठरले. त्यात महाराष्ट्राचे २६ प्रकल्प होते. नाबार्डमध्ये २० हजार कोटींचा दीर्घकालीन सिंचन निधी उभारण्यात आला. डिसेंबर २०१९ ची मुदत पाळली गेली नाही हे खरे. परंतु यादी मर्यादित ठेवून पैसा एकवटण्याचे तत्त्व प्रथमच एवढ्या स्पष्टपणे स्वीकारले गेले.

अनुशेषाचा पेच

'जे पूर्णत्वाजवळ आहे ते आधी पूर्ण करा' हा निकष कागदावर निर्दोष दिसतो. मात्र त्यात एक अन्याय दडलेला असू शकतो. पूर्णत्वाजवळ आलेले प्रकल्प बहुधा अशाच भागांत असतात, जेथे पूर्वीपासून पैसा पोहोचला आहे. ज्या जिल्ह्यांकडे आधीच दुर्लक्ष झाले, त्यांचे प्रकल्प १० किंवा २० टक्क्यांवर असतात. केवळ कार्यक्षमतेचा निकष लावला, तर मागे पडलेला भाग कायम मागेच राहील. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेष मोजला, त्यात सिंचनाचा वाटा मोठा होता. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि राज्यघटनेच्या कलम ३७१(२) अन्वये राज्यपालांनी निधीवाटपाचे निर्देश दिले.

त्यामुळे दोन पातळ्यांवर विचार करणे भाग आहे. कोणत्या विभागाला किती निधी द्यायचा, हे समन्यायाच्या निकषावर ठरावे आणि त्या विभागात तो कोणत्या प्रकल्पाला द्यायचा, हे कार्यक्षमतेच्या निकषावर. या दोन बाबींची गल्लत झाली की अनुशेषाच्या नावाखाली नव्या कामांची भाऊगर्दी होते आणि अनुशेष तसाच राहतो.

दुरुस्तीला वाली नाही

नव्या धरणाचे भूमिपूजन होते. जुन्या कालव्याच्या गळतीच्या दुरुस्तीचे होत नाही. बांधा, दुर्लक्ष करा आणि पुन्हा बांधा, हे भारतीय जलक्षेत्राचे चक्र असल्याचे निदान जागतिक बँकेसाठी जॉन ब्रिस्को यांनी दोन दशकांपूर्वीच केले होते. अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीस देशात सुमारे ११ कोटी ३० लाख हेक्टर सिंचनक्षमता निर्माण झाली होती. वापर मात्र नऊ कोटी हेक्टरांच्या आतच होता. ही तफावत भरून काढणे हे नवे धरण बांधण्यापेक्षा बहुतेक ठिकाणी स्वस्त पडते, कारण भिंत आणि बुडीत क्षेत्र यांची किंमत आधीच मोजून झालेली असते.

नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर पाणीवापर संस्थांनी व्यवस्थापन हाती घेतल्यानंतर टोकाच्या शेतांनाही पाणी मिळू लागले. त्यासाठी नवे धरण बांधावे लागले नाही. उलट ताकारी, म्हैसाळ, टेंभूसारख्या उपसा योजनांमध्ये बांधकामाइतकाच वीजबिलाचा प्रश्न बिकट ठरला. अखेर बिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के लाभधारकांनी सोसण्याचे सूत्र ठरले. प्रकल्प मंजूर करताना तो चालवण्याचा खर्चही त्याच कागदावर मांडला पाहिजे, हा यातला धडा आहे. तसेच, पाणी कोणत्या पिकाला जाणार हेही पाहावे लागते. राज्यात पिकाखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी असलेला ऊस सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी घेतो, याकडे केंद्रीय कृषी मूल्य आयोगाने लक्ष वेधले होते.

शहरांचा वाटा

पिण्याच्या पाण्याला पहिले प्राधान्य, हे प्रत्येक जलनीतीत लिहिलेले असते. तरीही एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. लाखो वस्तीच्या शहरासाठी ते काही तासही पुरण्याजोगे नव्हते. ग्रामीण भागासाठी २०१९ मध्ये जल जीवन मिशन सुरू झाले. दरडोई दररोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट आणि ३ लाख ६० हजार कोटींचा अंदाजित खर्च. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याची मुदत २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. नळ बसवणे तुलनेने सोपे आहे, त्याला उन्हाळ्यातही पाणी येईल असा स्रोत राखणे कठीण.

शहरी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या माहितीनुसार देशातील शहरांत दररोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते आणि त्यापैकी सुमारे २० हजार दशलक्ष लिटरवरच प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती. नागपुरात भांडेवाडी येथे प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते, त्यामुळे तेवढे ताजे पाणी वाचते. याच नागपूरचे उरलेले सांडपाणी मात्र नाग नदीतून पुढे गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत पोहोचत आले. हजारो कोटी खर्चून अडवलेले पाणी प्रक्रियेअभावी दूषित व्हावे, यापेक्षा चुकलेल्या क्रमाचे बोलके उदाहरण कोणते?

या सर्वांतून एक क्रम पुढे येतो. आधी मोजमाप आणि देखभाल-दुरुस्ती, त्याबरोबरच पिण्याचे पाणी आणि सांडपाण्याचा पुनर्वापर. नंतर विभागवार न्याय्य वाटा राखून पूर्णत्वाजवळची कामे. नवे प्रकल्प सर्वांत शेवटी, तेही चालवण्याच्या खर्चाची तरतूद दाखवूनच. या क्रमात नवे असे काही नाही. आयोग, समित्या आणि न्यायालये यांनी वेगवेगळ्या शब्दांत तेच सांगितले आहे. पुढच्या अर्थसंकल्पात जलसंपदा खात्याची तरतूद जाहीर होईल, तेव्हा 'किती कोटी?' एवढ्यावर न थांबता 'यंदा कोणती कामे पूर्ण होणार आणि कोणती थांबवणार?' असे विचारले गेले, तरच हा क्रम कागदावरून कालव्यात उतरेल.